मी कत्ती

माझा पहिला चाकू सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावरच्या गर्दीत हरवला — हे मी किती जणांना सांगितलं असेल, त्याला गणती नाही. बायकोला सांगितलं, पोरांना सांगितलं, दुकानात टेकणाऱ्या गिऱ्हाइकांना तर रंगवून रंगवून सांगितलं. खोटं आहे ते. तो हरवला नाही. कुठं गेला ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि आजवर एका माणसाजवळही ते माझ्या तोंडून निघालेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? — काय माहीत. तुम्ही बसलाय, मी बसलोय, दुकानात कुणी नाही. मधेच थांबलो तर थांबू द्या, एवढंच.

सुरुवात कुठून करू? चाकूपासूनच करतो. ते सोपं आहे.

आमचं लिंगायताचं घर, धंदा लुगड्यांचा. घरात कन्नड, पेठेत मराठी, विणकरांशी तेलुगू — तीन भाषांत भाव करतो मी, आणि तिन्हींत भितो. घरात वाघ बाहेर शेळी म्हणतात ना, मी घरातही शेळीच. अंधाराला भितो, पोलिसाला भितो, मोठ्यानं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला भितो. अप्पा, म्हणजे माझे वडील, चारचौघांत म्हणायचे, ह्याला गल्ल्यावर बसवलाय खरा, पण उद्या दरोडेखोर आला तर हा त्याला पाट मांडून पाणी विचारील. सगळे हसायचे. मीही हसायचो.

चाकू आमच्या घरात नव्हताच. बायकांची विळी होती, तेवढं पुरे. खिशात चाकू ठेवतो तो एक खाटीक, नाहीतर टग्या — हे अप्पांचं मत, म्हणून माझंही तेच.

एकदा कुर्डुवाडीच्या फलाटावर माझा लुगड्यांचा गठ्ठा फुटला. गाडी यायची वेळ, गोणपाट उसवलेलं, पदर धुळीत लोळतायत, आणि मी आपला उभा — आता काय करू, आता काय करू. रेल्वेच्या कारखान्यातला एक फिटर तिथून चालला होता. "सरका की वाईच," म्हणाला, आणि खिशातून बोटभर लांबीची एक वस्तू काढली. नखानं तिचं एक पातं उघडलं — टक्. सुतळी कापली. पातं मिटलं, पाठीमागून टोच्या काढला — टक्. गोणपाटाला भोकं पाडली, सुतळी ओवली, आवळली, धाकट्या पात्यानं टोकं छाटली. झालं! मग त्याच चाकूनं काकडी सोलून अर्धी माझ्यापुढं धरली. "घ्या. भिऊ नका, पुसलाय."

काकडी कशी होती ते आठवत नाही. तो 'टक्' मात्र कानात राहिला. माझ्यासारख्या माणसाला — ज्याला कुठल्याच वेळी काय करावं सुचत नाही — त्या आवाजात केवढा धीर वाटला म्हणून सांगू!

पुढच्या संक्रांतीला गड्ड्यावर तसाच चाकू दिसला आणि मी घेतला. एक थोरलं पातं, एक धाकटं, एक टोच्या, आणि एक पीळदार पेच. पेच कशाला, ते विकणाऱ्यानं डोळा मारून सांगितलं — बाटलीचं बूच काढायला. अरे देवा! त्यातून मूठ सांबरशिंगाची. गळ्यात लिंग आणि खिशात शिंग! अव्वा, माझी आई, तिला मी सांगितलं शिसवी लाकूड आहे. बायको गंगव्वानं पेच बघून विचारलं, "येनरी इदु?" हे काय हो? म्हटलं, बाभळीचा डिंक काढायचा असतो त्यानं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा तो पेच मी घरात उघडला नाही.

पण जीव जडला त्या चाकूवर. आधी वाटायचं, एका चाकूला चार पाती कशाला? एकच असावं, धारदार. हळूहळू कळायला लागलं. थोरलं पातं दोरखंडाला. धाकट्यानं लुगड्याच्या दशीतला एकच धागा निवडून तोडावा, शेजारच्याला इजा नाही. थोरल्याला ते जमायचं नाही, त्याचा तो स्वभावच नव्हे. टोच्या गठ्ठे शिवायला. सगळी एकाच मुठीत, एकाच कमानीच्या दाबाखाली, एकमेकांना न घासता झोपलेली. प्रत्येकाचा आवाज वेगळा — थोरल्याचा जड, धाकट्याचा बारीक. डोळे मिटून सांगितलं असतं मी कुठलं पातं मिटलं ते. धाकट्याची नखाची खाच झिजलेली होती, ते उघडायची एक खुबी होती. अंगठा जरा तिरका लावायचा. ती फक्त मला ठाऊक. दुकानात मोकळा वेळ मिळाला की मी पाती उघडायचो, तेलाचं बोट फिरवायचो, मिटायचो. टक्. टक्. खिशात तो असला की मी बोलताना अडखळत नसे. खरंच सांगतो. कुणाला मारायला नव्हे हो — पण काही अडलं, तर आपल्याजवळ काहीतरी आहे, एवढं वाटायचं.

मग तो तीस सालचा उन्हाळा आला.

लष्करी कायदा लागला तेव्हा तुम्ही इथं होता का? नसाल तर कसं सांगू? माणसं भिंतीला धरून चालायची. डोईवरची पांढरी टोपी लोक घडी करून खिशात ठेवायचे, आणि खिशातच सापडली तर — म्हणून चुलीत घालायचे. हत्यार जवळ सापडलं तर उचलून नेतात म्हणे. पण चाकू म्हणजे हत्यार का? एक म्हणे पातं वीतभर असेल तरच. दुसरा म्हणे सुपारीच्या अडकित्त्यावरून माणूस नेला. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळंच पाचावर धारण बसली होती सगळ्यांची. माझी तर विचारू नका. बुटांचा आवाज आला की मी दुकानाची फळी लावून घ्यायचो. जेवण जाईना.

चाकू मी ज्वारीच्या कणगीत घातला. घरात झडती आली तर पहिल्यांदा कणगीच उपसणार — काढला. देवघरात ठेवला — शिंगाची मूठ, देवघरात! — काढला. शेवटी कमरेला खोचून सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो. भरदुपार, चिटपाखरू नाही. पायरीवर बसलो. हात पाण्यावर धरला. एवढं बोट सैल करायचं, की संपलं. कुणाला काही झालं नसतं. आज मी हे सांगत बसलो नसतो.

टाकवला नाही.

तिथून सरळ मल्लय्याकडं गेलो. मल्लय्या आमच्यासाठी लुगडी विणायचा. साखर पेठेत एका खोलीत त्याचा माग, तो आणि त्याची बायको नरसम्मा. मोगलाईतून, पार तेलंगणातून नुकताच आलेला. इतर विणकर तुमच्याआमच्यासारखं मराठी बोलतात, ह्याला 'व्हय' आणि 'न्हाई'च्या पलीकडं काही येत नव्हतं. माझ्याशी तेलुगूत बोलायचा. मोठा आदबशीर माणूस, मला 'अय्या' म्हणायचा. मी त्याला चाकू दिला आणि म्हटलं, पाती जड झालीत, मागाचं तेल घालून ठेव जरा, सवडीनं नेईन. पाती जड झाली होती, कमानीत धूळ गेली होती, त्याच्याकडं चांगलं तेल असायचं, म्हणून —

नाही. थांबा. बघा, अजूनही खोटंच बोलतोय मी. पाती अगदी हलकी चालत होती. आदल्याच दिवशी तेल घातलं होतं मीच. चाकू मला हवा होता, आणि भीती नको होती. म्हणून चाकू ठेवायला दिला आणि भीतीही त्याच्याच घरात नेऊन ठेवली. त्याला सांगितलंसुद्धा नाही की ही वस्तू सापडली तर काय होईल. विणकराच्या घरी कोण जातंय झडतीला, असं मनाशी म्हटलं. सुंठेवाचून खोकला गेला! त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

झडती तिथंच आली.

मी लुगडी न्यायला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभे राहिले, मागं फिरायला वाट नव्हती. हवालदार बाहेरगावचा, घामानं चिंब, उन्हानं वैतागलेला. दारोदार विचारत आला, कुणाकडं हत्यार हाय का. मल्लय्याच्या दारात मला बघून थांबला. "शेट, ह्येंची बोली येती का तुमाला?"

येत नाही म्हणालो असतो तर? पण तोंडातून 'व्हय' गेलं. पोलिसाला मी नेहमी व्हयच म्हणत आलोय.

"इचारा त्याला, हत्यार हाय का."

मल्लय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मी काही विचारायच्या आत त्यानंच माझ्याकडं बघितलं. हत्यार हा शब्द त्याला कळला असावा. ओठ पांढरे पडले होते त्याचे. हळूच म्हणाला, "मी कत्ति उंदि कदा, अय्या..."

आता नीट ऐका. तेलुगूत कत्ति म्हणजे कुठलाही चाकू, अगदी पेन्सिलीला टोक करायचा का असेना. आणि तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचा', आदरानं. तो बिचारा मला विचारत होता — तुमचा चाकू आहे ना, अय्या... सांगू का? देऊ का? मला विचारल्याशिवाय माझं नाव घ्यायचं नाही, एवढी अदब!

हवालदारानं काय ऐकलं? मी. कत्ती. मराठीत कत्ती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. उसाचा कोयता नाहीतर आखूड तलवार. "आयला! कत्ती हाय ह्याच्याकडं!"

मी बोलायला हवं होतं. 'अहो, एवढासा चाकू आहे' — किती शब्द लागले असते? पण एवढासा आहे हे तुला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं असतं तर? मूग गिळून उभा राहिलो.

त्यांनी मल्लय्याला दंडाला धरून खड्ड्यातून ओढला. तलवार शोधत होते ना ते — पेटी उलथी केली, वळकटी फेकली, मागावर ताणलेलं सूत बंदुकीच्या दांड्यानं बाजूला सारलं, आणि ते तुटलं. नरसम्मा किंचाळली. शेवटी खड्ड्याच्या कोनाड्यातून तेलकट फडक्यातली पुरचुंडी निघाली. माझी वस्तू खराब होऊ नये म्हणून किती जपून ठेवली होती त्यानं! त्यांना वाटलं, लपवली.

हवालदार फडकं सोडून बघतच राहिला. "हीच का कत्ती?" हसला तो. देवाशपथ सांगतो, त्या क्षणी तो सोडूनही देता. मग त्यानं थोरलं पातं उघडलं. टक्. टोच्या उघडला. टक्. पेच बघून म्हणाला, "ह्यो काय परकार?" त्याचं हसू गेलं. "मायला, एका मुठीत किती हत्यारं हायत ही!" धाकटं पातं त्याला उघडेना. नखानं ओढतोय, खाच निसटतेय, चिडतोय. आणि माझा अंगठा — तुम्हाला हसू येईल — माझा अंगठा आपोआप तिरका झाला. हात पुढं निघाला होता माझा. असं नाही हो, असं — हे तोंडातून निघणारच होतं. मी हात मागं घेतला आणि धोतराच्या सोग्यात दाबून धरला. वाटलं, ह्या हातावरूनच ओळखणार आता.

"कुणाचा ह्यो?"

मल्लय्यानं माझ्याकडं बघितलं. आता त्यालाही धीर निघेना. दोन्ही हात जोडून माझ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "मी कत्ति! मी कत्ति, अय्या!"

तुमचा चाकू. तुमचा चाकू, अय्या.

"मी म्हणतोय," हवालदार म्हणाला. "सोताच्या तोंडानं मी म्हणतोय." मग माझ्याकडं वळला. "बराबर का, शेट? त्याचाच न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

हे ते. हेच सांगायचं होतं. एक शब्द. कुणी मारलं नाही मला, धमकावलं नाही, दरडावून विचारलंसुद्धा नाही. त्यानं साधं विचारलं आणि मी व्हय म्हणालो.

आणि मल्लय्याला 'व्हय' एवढं मराठी येत होतं. त्यानं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा सैल झाला. त्याला वाटलं, मी कबूल केलं. अय्या म्हणाले, हो, चाकू माझा. मान हलवून हसला तो माझ्याकडं बघून. हसतच होता, तेव्हा शिपायानं त्याच्या दंडाला दोरी बांधली.

पुढचे दिवस मी काय केलं विचाराल, तर भ्यालो. दुसरं काही नाही केलं. चौकीवर कुणी तेलुगू जाणणारा भेटेल, मल्लय्याचं म्हणणं नीट समजून घेईल, आणि माझ्या दारात बूट वाजतील — ह्या भीतीनं मी तापानं फणफणलो. गंगव्वा उशाशी बसून भस्म लावायची. नरसम्मा एकदा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, तुटलेल्या मागाचं काही बोलायला आली असेल. मी गठ्ठ्यांच्या मागं वाकून बसलो आणि गड्याकरवी सांगितलं, शेट गावाला गेलेत, दुधनीला. ती बराच वेळ उभी होती. तिच्या पायातलं कडं मला गठ्ठ्यांच्या फटीतून दिसत होतं.

मल्लय्याला सक्तमजुरी झाली, परगावच्या तुरुंगात. ही बातमी आली त्या दिवशी माझा ताप उतरला. लपवत नाही तुमच्यापासून. उतरला.

तो सुटून आला तेव्हा शहर शांत होतं, लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला लागले होते. मी गल्ल्यावर होतो. दारात एक वाळलेला माणूस उभा राहिला, आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा वाटलं, आला. आता हा पेठेत ओरडून सांगणार. शेजारी अप्पा बसलेले.

तो आत आला नाही. पायरीखालीच उभा राहून बोलला, आणि मराठीत बोलला. आत शिकला होता.

"अय्या, तुमचा चाकू न्हाई आणता आला. त्येंनी ठिवून घेतला. लई इनवण्या केल्या म्या, मालकाचा हाय म्हणून, पर दिला न्हाई."

मी गल्ल्यातली नाणी चळतीला लावायला लागलो.

"माजीच चूक की ती. मराटीत 'मी' म्हंजी मीच, ते मला कुटं ठावं हुतं? आत गेल्यावर कळलं. माज्या तोंडानं घात केला." मग म्हणाला, "तुमी व्हय म्हणला हुता. म्या आयकलं की. समद्यांस्नी सांगितलं आत, आमचे अय्या सोता व्हय म्हणले. पर गरिबाचं कोन आयकतंय?"

त्यानं हात जोडले. "चाकू लई चांगला हुता तुमचा. माफी करा."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, काय म्हणतोय हा, कसली माफी?

आणि मी — मी मल्लय्याला माफ केलं. हात वर करून, मोठ्या मनाच्या माणसासारखं म्हणालो, "जाऊ दे रे मल्लय्या. चाकूच होता की."